किनारा कुणाला विचारून?

पी. डिमेलो रोडवरून वाडीबंदरच्या दिशेने निघालात की उजव्या हाताला एक उंच भिंत लागते आणि मग ती बराच वेळ सोबत सोडत नाही. मध्ये मध्ये फाटके येतात. लाल, हिरवे, निळे, पिवळे, नारिंगी अशा रंगांवरून ओळखली जाणारी ही फाटके गोदी कामगारांच्या कित्येक पिढ्यांना तोंडपाठ होती. यलोगेट नावाचे पोलीस ठाणेसुद्धा आहे. बाकीच्या मुंबईला मात्र भिंतीच्या आत समुद्र आहे याचीच आठवण राहिलेली नाही. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतची सुमारे २८ किलोमीटरची किनारपट्टी आणि तिला लागून असलेली सुमारे १,८०० एकर जमीन मुंबई बंदराच्या मालकीची आहे. मूळ बेटाचा जवळजवळ आठवा हिस्सा.

या जमिनीचे पुढे काय करायचे, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे चर्चेत आहे. मरिना, क्रूझ टर्मिनल, कार्यालये, घरे, बागा, समुद्रालगत फिरण्याचा रस्ता असे सगळे एकत्र असलेली नवी वसाहत इथे व्हावी, असा साधारण बेत आहे. मला त्या बेताच्या चित्रांपेक्षा दुसऱ्या एका गोष्टीचा माग काढावासा वाटतो. या किनाऱ्याचे भवितव्य ठरवताना शहराला कधी विचारले गेले, कुणाला विचारले गेले, आणि विचारले नाही तेव्हा काय झाले?

भिंत येण्याआधी हा किनारा उघडा होता. माझगाव आणि शिवडीला कोळ्यांची वस्ती होती, गलबते आणि मचवे थेट काठाला लागत. जो माल जिथे उतरे त्याच्या नावाने ती जागा ओळखली जाई. लकडी बंदर, कोळसा बंदर, कौला बंदर, दारूखाना ही नावे आजही पत्त्यांत आहेत. धक्के बांधणे हे सरकारचेच काम होते असेही नाही. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला धक्का कोकणच्या लोकांच्या तोंडी ‘भाऊचा धक्का’ म्हणून कायमचा राहिला. रेवसला, धरमतरला, पुढे रत्नागिरीकडे जाणाऱ्यांची मुंबईशी पहिली आणि शेवटची भेट याच किनाऱ्यावर होई. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रायगडातल्या अनेक घरांत तो दिवस अजून सांगितला जातो. मालाइतकाच माणसांचाही हा किनारा होता, हे आराखड्यांच्या गर्दीत विसरू नये.

१८६२ साली चित्र पालटले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे पेव फुटले होते. त्यातल्या एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीशी सरकारने करार केला. कंपनीने रेल्वेच्या स्थानकासाठी सरकारला १०० एकर जमीन समुद्रातून काढून द्यायची आणि त्या बदल्यात स्वतःसाठी २५० एकर भराव घालायचा. कराराच्या दोन्ही बाजूंना एकेक मालक होता, सरकार आणि कंपनी. त्या किनाऱ्यावर आधीपासून होड्या लावणाऱ्यांचा त्यात उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. १८६५ साली युद्ध संपले, कापूस गडगडला, शेअर बुडाले. पण कंपनीची जमीन जागेवर होती, आणि माल उतरवण्याच्या जागा एका खासगी कंपनीच्या मुठीत राहणे व्यापाऱ्यांना आणि सरकारला दोघांनाही परवडणारे नव्हते. १८७० साली सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि २६ जून १८७३ रोजी बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८७५ साली ससून मंडळींनी कुलाब्याला स्वतःची गोदी उघडली, तेव्हा तीही ट्रस्टसाठी १८७९ मध्ये विकत घेण्यात आली.

खासगी मक्तेदारी मोडून किनारा सार्वजनिक हातात घेतला, ही बाब त्या काळाच्या मानाने मोठी होती आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण ट्रस्टच्या मंडळावर बसले ते सरकारी अधिकारी आणि व्यापारी. ‘सार्वजनिक’ची व्याप्ती तिथेच संपली.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांत जे काम झाले ते पाहून आजही थक्क व्हायला होते. १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक, १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी. प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना चिखलाच्या तळाशी खैराच्या झाडांचे बुंधे सापडले, कितीतरी मुळांसकट उभेच्या उभे. कधीकाळी तिथे कोरडी जमीन होती आणि जंगल होते. अलेक्झांड्रा डॉकच्या खोदकामातून निघालेल्या मातीने शेजारचा समुद्र भरला आणि त्यावर जॉर्ज विटेट यांच्या देखरेखीखाली बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. सारख्या उंचीच्या दगडी इमारती, रुंद पदपथ, सावली. गोदीच्या जमिनीवर शहरासाठी देखणी वस्ती करता येते याचा पुरावा शंभर वर्षांपासून आपल्यासमोर आहे. १९१५ साली बंदराची स्वतःची रेल्वे आली आणि पुढे कापसाचा व्यापार कुलाब्याहून शिवडीकडे हलला. कॉटन ग्रीन हे स्थानकाचे नाव त्याचीच खूण.

गोदीच्या दाराशी राहणाऱ्यांचे काय? १८९६ साली प्लेग मुंबईत पहिल्यांदा उमटला तो गोदीला लागून असलेल्या मांडवीत. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. १८९८ साली सुधारणा ट्रस्ट आला. त्याने कोंदट वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, हवा खेळती केली. ज्यांची घरे पडली त्यांनी कुठे जायचे, हे ज्याचे त्याने पाहायचे होते. ‘तुम्हाला काय वाटते’ असे विचारण्याची सोय कायद्यात आली ती हळूहळू. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा देशातला अशा प्रकारचा पहिला. त्यात विचारणा होती ती मुख्यतः जमीनमालकांना. १९५४ च्या कायद्याने विकास आराखडा करणे नगरपालिकांना बंधनकारक झाले आणि तो आधी प्रसिद्ध करून लोकांकडून लेखी म्हणणे मागवण्याची रीत रुजली. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने ती पक्की केली. वर्तमानपत्रातल्या ‘हरकती व सूचना’ या दोन शब्दांचे कूळ हे असे आहे.

आणि या दोन शब्दांच्या इतिहासातला सर्वांत विलक्षण प्रसंग नेमका या बंदराशी जोडलेला आहे. १९६४ साली महापालिकेने मुंबईचा विकास आराखडा प्रसिद्ध करून सूचना मागवल्या. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी, दोन वास्तुरचनाकार आणि एक अभियंता, आपले म्हणणे कळवले. ते एखाद्या रस्त्याच्या रुंदीबद्दल नव्हते. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, तिला पूर्वेकडे वळवा, बंदराच्या पाण्यापलीकडे नवे शहर वसवा, असा त्यांचा आग्रह होता. १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकाने हा विचार सविस्तर छापला. १७ मार्च १९७० रोजी हे नवे शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई कागदावरून जमिनीवर उतरू लागली.

तीन नागरिकांनी पाठवलेल्या सूचनेतून एक अख्खे शहर! हरकती-सूचना म्हणजे निव्वळ उपचार, कुणी वाचत नाही, असे जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा मला हे प्रकरण आठवते. सूचना वेळेवर आली, ती पूर्ण विचार करून लिहिलेली होती आणि तिच्या मागे पाच-सहा वर्षे चिकाटीने लागणारी माणसे होती.

मात्र याच कथेची पलीकडच्या तीरावरची बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. ज्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आणि पुढे न्हावा-शेवा बंदर उभे राहिले, त्या गावांतल्या आगरी, कोळी, कराडी शेतकऱ्यांना आराखडा करताना कुणी बोलावले नव्हते. भातखाचरे, मिठागरे, खाडीची मासेमारी यांवर जगणाऱ्या लोकांच्या हाती थेट भूसंपादनाची नोटीस पडली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. आज ज्याला सगळे ‘साडेबारा टक्के’ म्हणतात ते त्या लढ्याचे फळ. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. तरीही न्हावा-शेवाच्या प्रकल्पग्रस्तांना आपल्या भूखंडांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. आणि मच्छीमारांचा हिशोब तर त्याहून उशिरा निघाला. भरावामुळे भरती-ओहोटीच्या वाटा अडल्या, खारफुटी गेली, मासेमारीच्या जागा गेल्या, ही तक्रार घेऊन पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. २०१५ साली लवादाने जेएनपीटी (म्हणजे न्हावा-शेवा बंदर), ओएनजीसी आणि सिडको यांनी मिळून १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. पहिल्या नकाशाच्या वेळी जे एका बैठकीत ऐकता आले असते, ते इतक्या वर्षांनी आणि इतक्या कोटींनी ऐकावे लागले.

न्हावा-शेवा १९८९ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गोद्यांना घरघर लागली. कंटेनर पलीकडे गेले. गोदी कामगारांची मुले गोदीत लागेनाशी झाली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन जुन्या गोद्या नव्या कंटेनर टर्मिनलसाठी भरून टाकण्यात आल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट होऊन अग्निशमन दलाचे ६६ जवान धारातीर्थी पडले ती हीच व्हिक्टोरिया गोदी. देशभर त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळतात, आणि ती गोदीच आता पाण्याची राहिलेली नाही. दारूखान्यात जहाजे तोडण्याचे काम चालू राहिले. २०१४ साली आयएनएस विक्रांतचे तुकडे झाले ते तिथेच. बाकी जमिनीवर मुदत संपलेले भाडेपट्टे, वखारी, झोपड्या, तेलाच्या टाक्या आणि कोर्टकज्जे. भाडेवाढीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००४ च्या निकालात न्यायालयाने बजावले की सार्वजनिक संस्था घरमालक असली तरी खासगी मालकाप्रमाणे वाटेल ते भाडे उकळू शकत नाही, तिने रास्त वागले पाहिजे. जमीन सार्वजनिक आहे म्हणजे काय, याची ही न्यायालयाने सांगितलेली खूणगाठ आहे. आराखडा करतानाही ती लागू व्हायला हवी.

याच सुमाराला गिरणगावात काय घडत होते ते सगळ्यांनी पाहिले आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले होते. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ साली याच चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सगळ्या गिरण्यांच्या जमिनीचा एकत्र विचार करून आराखडा सुचवला. २००१ साली नियमातले मोजके शब्द बदलले आणि वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती उरली. म्हणजे जिथे शेड उभी आहे ती जमीन वाटणीतून बाहेर. उच्च न्यायालयाने हा बदल रोखला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. परळ-लोअर परळमध्ये आज रेल्वेच्या पुलावर जी चेंगराचेंगरी सोसावी लागते आणि बागेच्या नावाने जे तुकडे दिसतात, त्यांचे मूळ त्या मोजक्या शब्दांत आहे. मोठ्या मैदानाइतकी जमीन एका छोट्या दुरुस्तीत जाऊ शकते, आणि ती दुरुस्ती वाचायला किती लोक बसले होते?

पूर्व किनाऱ्याबद्दल मात्र लोकांनी वेळीच विचार सुरू केला होता. २००० च्या सुमारास अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट आणि कमला रहेजा विद्यानिधी वास्तुकला संस्था यांनी या सगळ्या पट्ट्याचा अभ्यास केला. कुठली वखार वापरात आहे, कुठली पडीक, काठापर्यंत कुठून जाता येते, हे विद्यार्थी फिरून नोंदवत होते. २०१४ साली केंद्राच्या नौवहन मंत्रालयाने बंदराच्या माजी अध्यक्ष राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खुल्या जागा, जलवाहतूक, पर्यटन यांवर तिचा भर होता. दुसरीकडे, २०१५ साली महापालिकेने शहराचा नवा विकास आराखडा जाहीर केला. त्यात इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसास्थळे गायब, कोळीवाडे-गावठाणे नीट दाखवलेलीच नाहीत. हजारो हरकती आल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये तो आराखडा राज्य सरकारने मागे घ्यायला लावला. शहराने एकत्र बसून नकाशे वाचले तर आराखडा परत जातो, हे तेव्हा सिद्ध झाले.

बंदराच्या जमिनीला मात्र हा अनुभव लागू झाला नाही, कारण ती वेगळ्या दाराने गेली. २०१८ साली राज्य सरकारने सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्रासाठी मुंबई पोर्ट ट्रस्टलाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, हरकती-सूचना मागवल्या, सुनावण्या झाल्या. रीत पाळली गेली. पण जमिनीचा मालक तोच, आराखडा करणारा तोच, आणि त्या आराखड्यावरच्या हरकती ज्याच्याकडे द्यायच्या तोही तोच. १८६२ च्या कराराची आठवण होते ती इथे. पुढे २०२१ च्या महापत्तन प्राधिकरण कायद्याने बंदराच्या मंडळाला स्वतःचा बृहत् आराखडा करण्याचा हक्क दिला आणि तो स्थानिक किंवा राज्य सरकारच्या नियमांपासून स्वतंत्र ठेवला. मंडळावर राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण, सीमाशुल्क आणि कामगारांचे प्रतिनिधी आहेत. मुंबई महापालिकेला मात्र कायद्याने जागा नाही. ज्या शहराने या वस्तीला पाणी, सांडपाण्याची व्यवस्था, शाळा, दवाखाने पुरवायचे, त्या शहराची खुर्चीच त्या टेबलाशी नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत मोठा दोष आहे.

आता काठावर कोण आहे ते पाहू. ससून डॉकला पहाट होण्याआधी जा. बर्फाचा चुरा पायाखाली करकरतो, ट्रॉलरमधून पाट्यांवर पाट्या वर येतात आणि लिलाव सुरू होतो. कोळणी माशाच्या डोळ्याकडे आणि कल्ल्याकडे एक नजर टाकून भाव ठरवतात. कोळंबी सोलणाऱ्या बायका ओळीने उकिडव्या बसलेल्या असतात, त्यांची मजुरी सोललेल्या मालाच्या वजनावर. या कामाला जागा लागते, पाण्याचा नळ लागतो, उतार लागतो, बर्फाचा कारखाना जवळ लागतो. ‘किनारी विकास’ असा रंग भरलेल्या नकाशात यातले काहीही दिसत नाही. तीच गत भाऊच्या धक्क्याची. मार्च २०२० पासून तिथून मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी रो-रो सुटते, हे उत्तमच झाले, पण रेवसच्या लाँचला टोपल्या घेऊन चढणाऱ्या बाईसाठी तोच धक्का अजून कमाईची वाट आहे. दारूखाना-रे रोडकडे भंगार वेगळे करणारे, लाकूड विकणारे, कौला बंदरला दोन-तीन पिढ्या राहिलेले लोक आहेत. शिवडीच्या चिखलावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि त्यांच्या डोक्यावरून जानेवारी २०२४ पासून अटल सेतूची वाहतूक जाते.

यांना विचारायचे म्हणजे आराखडा छापून झाल्यावर अर्जाचा नमुना देणे नव्हे. आधी मोजणी हवी. कोण राहतो, कोण काम करतो, कुणाची होडी कुठे लागते, हे नकाशावर आले पाहिजे. मग नकाशे मराठीत, वॉर्डाच्या कार्यालयात आणि मासळी बाजाराच्या भिंतीवर लागले पाहिजेत. सुनावणी भाऊच्या धक्क्यावर, शिवडीला, ससून डॉकला व्हावी, आणि ती घेणारी समिती जमिनीच्या मालकाहून वेगळी असावी. महापालिकेच्या विकास आराखड्यासाठी कायद्यात अशी समिती आहेच. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि राज्य सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ हरकती ऐकतात. बंदराच्या जमिनीसाठी त्याहून कमी का असावे? आणि गिरण्यांच्या अनुभवानंतर, मोकळ्या जागांचा वाटा एकूण जमिनीवर मोजायचा, रिकाम्या जागेवर नाही, हे नियमाच्या पहिल्याच कलमात लिहून घेतले पाहिजे.

हे वाचणाऱ्यांपैकी जे मुंबईत राहतात त्यांना विनंती आहे. या किनाऱ्याबद्दलची पुढची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येईल तेव्हा नकाशा मागवा, आपल्या विभागातल्या मच्छीमार संस्थेशी, गोदी कामगारांच्या संघटनेशी बोला आणि मुदतीत लेखी हरकत द्या. तिची पोच घ्या आणि सुनावणीला जा. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला आणि खासदाराला एकच गोष्ट विचारा: बंदराच्या नियोजन मंडळावर मुंबईचा प्रतिनिधी कधी बसणार?